पांढरकवड्याच्या लॉजवर तिसरा दिवस

या वेळी एकच पत्र घेते, कारण त्याला घाई आहे. सदर छापून यायची वाट पाहिली असती तर यांचा मुक्काम अजून वाढला असता, म्हणून उत्तर त्यांना आधी मेल केलं आणि त्यांची परवानगी घेऊन मग इथे देऊन राहिली.

नागपूरच्या मानेवाड्याचे वाचक आहेत, वय ३६, मिहानमध्ये नोकरी. पत्र मोठं आहे, थोडं कापून देते. लिहितात:

"ताई, २० जानेवारीला आईबाबांना घेऊन निघालो, नागपूर ते कन्याकुमारी, आपल्या जुन्या व्हॅगनआरनं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले. त्यांची इच्छा होती की सात नंबर रोड एकदा शेवटापर्यंत पाहायचा, कारण आयुष्यभर त्यांनी त्याचा हिंगणघाट-पांढरकवडा एवढाच तुकडा चालवला. मुलगी पहिलीत आहे, शाळा बुडू नये म्हणून ती आणि बायको घरी राहिल्या. रामेश्वर धरून ४,३०० किलोमीटर झाले. बाबांना इतकं खुश मी कधीच पाहिलं नाही. करूरला बसच्या बॉड्या बनतात तिथे एका वर्कशॉपसमोर दोन तास उभे होते, तिथल्या वेल्डरशी खाणाखुणांनी बोलत होते. येताना पांढरकवड्याला रात्रीपुरतं थांबलो आणि आज तिसरा दिवस आहे. सकाळी बॅगा भरतो, बाबा म्हणतात आजचा दिवस राहू, आणि खरं सांगतो मलाही बरं वाटते. घरी गेलं की ते परत टीव्हीसमोर बसतील, बोलणं बंद, मला पाहवत नाही. बायकोला सांगितलं की क्लचप्लेट गेली, पार्ट हैदराबादहून येऊन राहिला. आई काही बोलत नाही, फक्त म्हणते तुळशीले पाणी घाला लागते. सुट्टी सोमवारपर्यंत आहे. बाबांसाठी अजून पुढे जाऊ का, चिखलदरा, पचमढी, ते म्हणतील तिकडे? का घरी जाऊ? गेलो तर कसा जाऊ?"

भाऊ, उद्या सकाळी निघा, आणि घरीच जा. चिखलदरा कुठे पळून जात नाही.

पण निघायच्या आधी आज संध्याकाळी एक काम करा, लॉजच्या खोलीबाहेर येऊन बायकोला फोन लावा आणि सांगा की क्लचप्लेट ठीक आहे. गाडी ठीक आहे, आम्हालाच निघवत नव्हतं, मी खोटं बोललो. एवढंच सांगा, त्याला 'पण बाबांचं असं झालं ना' अशी शेपटी लावू नका. ती चिडेल. चिडू द्या, चोवीस दिवस एकटीनं घर आणि पोरगी सांभाळून राहिली ती, सकाळचा डबा, व्हॅन, होमवर्क, आणि रात्री तुमचे समुद्राचे फोटो पाहून 'मस्त' असं लिहून पाठवणं, तिला चिडायचा हक्क आहे. हे सगळ्यात आधी सांगते आहे कारण बाकी जे काही तुम्ही विचारलं त्याचं उत्तर या फोनशिवाय लागूच पडत नाही. खोटं घेऊन दारात गेलात ना तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी विचारणारच, कितीले पडली क्लचप्लेट? आणि तिथे मग बाबा उभे असतील. तुम्हीच पत्रात पुढे लिहिलं आहे की ३१ वर्षांत एकही खोटा ब्रेकडाऊन लावला नाही हे बाबा अभिमानानं सांगतात. त्या माणसाला त्याच्याच नातीसमोर खोट्या ब्रेकडाऊनचा साक्षीदार करू नका हो.

आता बाबांचं.

मी ज्या गावात लहानाची मोठी झाली तिथे मुक्कामी एसटी यायची. रात्री साडेआठ-नऊला यायची, हनुमानाच्या देवळासमोर उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर कोणाच्या तरी ओसरीवर जेवायचे, उन्हाळ्यात टपावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, आणि सकाळी सहाला हॉर्न वाजला की अर्धं गाव उठायचं, कोणी कॉलेजला, कोणी तालुक्याला, कोणी दवाखान्यात. लहान असताना मला वाटायचं ह्या माणसाला किती मजा, रोज नवीन गावाला झोपतो. मोठी झाल्यावर समजलं की तो माणूस रात्री निवांत झोपू शकायचा कारण सकाळी सहाची गाडी ठरलेली होती. ड्युटीचा कागद लागलेला, फेरी ठरलेली, लोक थैल्या घेऊन उभे. गाडी डेपोत लावली, लॉगशीट दिली, घरी आले, जेवले, झोपले, तरी उद्याची फेरी त्यांच्या डोक्यात असायचीच. तुमच्या बाबांसाठी ३१ वर्षं घरी पोचणं असं होतं. दोन फेऱ्यांच्या मधली जागा म्हणजे घर.

आणि मग एक दिवस रिटायर झाले, हार घातला, नारळ दिला, फोटो काढला, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सहाची गाडी नव्हती. तिसऱ्याही दिवशी नव्हती. तुम्ही म्हणता टीव्हीसमोर बसतात, कोणाशी बोलत नाहीत. मला वाटते ते तीन वर्षांपासून मुक्कामाला थांबले आहेत आणि हॉर्न काही वाजून नाही राहिला.

या चोवीस दिवसांत तो रोज वाजला. सकाळी टायरची हवा पाहणं, कूलंट पाहणं, किती वाजता निघायचं, ऊन चढायच्या आत किती अंतर मारायचं, पेट्रोल कुठे भरायचं, कुठे थांबायचं, हे सगळं बाबांनी ठरवलं असणार, तुम्ही लिहिलं नाही तरी मला दिसते. नामक्कलला लॉऱ्यांच्या बॉड्या बांधतात, करूरला बसच्या, सबंध सात नंबरवर (सरकारनं नंबर बदलून ४४ केला तरी आपल्याकडे जुने लोक सातच म्हणतात) त्यांच्या धंद्यातली माणसं पसरलेली आहेत, तमिळ येत नसलं तरी वेल्डिंगचा टाका सरळ आहे की नाही हे त्यांना समजतेच ना. मुप्पंदलच्या पवनचक्क्या, कन्याकुमारीचा तो १३३ फुटी तिरुवल्लुवर, हे सगळं पाहिलं असेल त्यांनी, पण मन भरलं ते करूरला, एका वर्कशॉपच्या गेटवर, कारण तिथे ते टुरिस्ट नव्हते. हे तुम्ही पाहिलं, लक्षात ठेवलं, मला लिहून पाठवलं, त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. बापाला असं पाहणारी पोरं कमी असतात.

म्हणून मला नाही वाटत की बाबांना घर नको आहे. त्यांना ते पोचणं नको आहे ज्याच्यापुढे काही नाही. आणि पांढरकवडाच काऊन, हेही पाहा ना. त्यांच्या जुन्या रूटचं टोक आहे ते. इथून नागपूर दीडशे किलोमीटर, त्यांना डोळे मिटून पाठ, टीएन, केए, एपीच्या नंबरप्लेटा मागे गेल्या आणि एमएच-२९ दिसायला लागल्या, आता रस्त्यात नवीन काहीच नाही उरलं. जिथपर्यंत रस्ता अनोळखी होता तिथपर्यंत ते पुढे येत राहिले, आणि स्वतःच्या ओळखीच्या स्टँडवर येऊन थांबले. हे मी माझ्या अंदाजानं म्हणते आहे, तुम्ही त्यांना विचारा, नुसतं विचारा, बाबा इथे किती मुक्काम केले तुम्ही, आणि मग गप्प बसून ऐका.

चिखलदरा-पचमढीनं हे सुटणार नाही, भाऊ. चार दिवस पुढे ढकललं जाईल आणि मग तुम्ही परतवाड्याच्या लॉजवरून मला हेच पत्र लिहाल. मधल्या काळात सुट्टी संपेल, पैसे संपतील, आणि आईचे गुडघे.

हो, आई. पूर्ण पत्रात आईला तुम्ही एक ओळ दिली आहे. ४,३०० किलोमीटर मागच्या सीटवर बसलेली बाई, तिची एक ओळ, आणि तीसुद्धा तुळशीची. मी बाई आहे म्हणून सांगते, आपल्याकडे साठीच्या बायका 'मला घरी जायचं आहे' असं नाही म्हणत, त्या म्हणतात तुळशीला पाणी घालायचं आहे, दुधाचं पातेलं घासायचं राहिलं, सांडगे घालायचे दिवस आले. घरी सून आहे, तुळशीला पाणी ती घालत असेलच, हे आईला माहीत नाही का? तिला तिचा बिछाना पाहिजे असेल, तिचं संडास-बाथरूम, तिच्या हातचं वरण, शेजारच्या बाईशी गेटवरच्या गप्पा. लॉजच्या खोलीत तिला काय काम आहे हो? बाबांना निदान खिडकीतून हायवे दिसते. तर आज रात्री जेवताना तिला सरळ विचारा, आई तुला काय वाटते, आणि ती 'तुमचं ठरेल तसं' म्हणाली तर तिथे सोडू नका, परत विचारा.

आणि तुम्ही. पत्र मी तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी त्याच एका वाक्यावर थांबली, 'मलाही बरं वाटते'. ते तुम्ही लिहिलं आणि लगेच बाबांकडे वळलात. बाबांसाठी पुढे जाऊ का, असं विचारता, पण उद्या सकाळी बाबाच म्हणाले की चल निघू, तर तुम्हाला आनंद होईल का वाईट वाटेल? ह्याचं उत्तर मला कळवू नका, स्वतःशी द्या. रोज सकाळी मिहानला जायचं, स्क्रीनसमोर बसायचं, संध्याकाळी वर्धा रोडच्या गर्दीतून यायचं, ईएमआय, पोरीची फी, ह्या सगळ्यातून चोवीस दिवस सुटका मिळाली तर कोणालाही परत जावंसं वाटणार नाही, ह्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त ते ओझं बाबांच्या खांद्यावर ठेवू नका. त्यांच्यामुळे थांबलो असं तुम्ही घरी सांगाल, सून मनात धरेल, आणि ज्या माणसासाठी हे सगळं केलं त्याचंच घरातलं वजन कमी होईल.

माझी एक गोष्ट सांगते, बऱ्याच वर्षांपूर्वीची. आम्ही दोघं कोकणातून गाडीनं परत येत होतो, बारा दिवसांचा प्रवास, अमरावती रोडनं वाडीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात. घर तिथून अर्ध्या तासावर. आणि आम्ही दोघं एका टपरीवर चहाला उतरलो ते तब्बल अडीच तास बसून राहिलो. दुसरा चहा, तिसरा चहा, काही विशेष बोलणंही नाही. सासूबाईंचा फोन आला तर मी म्हटलं कोंढाळीजवळ जाम लागला आहे, वेळ होईल. दहा वाजता घरी गेलो तर सासूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून होत्या, पिठलं तिसऱ्यांदा गरम करून, ताटं वाढायच्या तयारीत, स्वतः न जेवता, त्यांना डायबिटीस होता. काही बोलल्या नाहीत. मी ते पिठलं कसं खाल्लं मलाच माहीत. आज त्या नाहीत, आणि कोकणातला एकही किनारा मला नीट आठवत नाही पण ते स्टूल आठवते. तुमच्या घरी कोण कशावर बसून वाट पाहते आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिलीतल्या पोरीला दिवस मोजायला नुकतेच शिकवलेले असतात.

बरं, आता कसं जायचं ते.

बाबांच्या हातात फेरी द्या. खोटीखोटी नाही, खरी. तुमची मुलगी शाळेत व्हॅननं जाते असं तुम्ही लिहिलं आहे. बायकोशी बोला, तिची हरकत नसेल तर पुढच्या महिन्यापासून व्हॅन बंद करा आणि सकाळी सोडणं, दुपारी आणणं बाबांकडे द्या. वेळ पाळायची, पोरगी मागच्या सीटवर बेल्ट लावून, गेटवर उभं राहायचं, हे त्यांच्याइतकं नीट कोण करेल. आधी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, साठी उलटली आहे, नंबर बदलला असेल तर चष्मा करून घ्या. हे त्यांना स्वतःलाच पटेल, ड्रायव्हर लोकांना नजरेची किंमत सांगावी लागत नाही.

दुसरं, आणि ह्याच्यावर माझा जास्त जीव आहे. बायकोला गाडी येत नाही ना? ती घरी राहिली त्यामागे पोरीची शाळा होती हे मान्य, पण गाडी चालवणारे दोघं आणि मागे बसणाऱ्या बायका असंच तुमच्या घरी चालत आलं असणार. तिचं लर्निंग लायसन्स काढा. अर्ज ऑनलाइन होतो, लर्निंग सहा महिने चालते, तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. पुढे-मागे लाल एल लावायचा आणि शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला पाहिजे, तो माणूस बाबा. सासऱ्याकडून शिकायचं का नवऱ्याकडून हे अर्थात तिनंच ठरवायचं, पण माझं ऐकाल तर नवऱ्यानं बायकोला गाडी शिकवायच्या भानगडीत पडू नये, घरं मोडायची वेळ येते. बाबांनी ३१ वर्षं अख्ख्या बसची जबाबदारी घेतली, शांत डोकं असल्याशिवाय ते होत नाही. रविवारी सकाळी सहाला बेसा-पिपळ्याकडचे रस्ते मोकळे असतात, तिथे सुरुवात करा.

आणि तिसरं म्हणजे पुढच्या प्रवासाची तारीख, ती बायको आणि मुलगी ठरवतील, तुम्ही नाही आणि बाबाही नाही. जवळचं असू द्या, रामटेक घ्या, पन्नासेक किलोमीटर, गड चढायचा, खिंडसीला जेवायचं, संध्याकाळी परत. नाहीतर सेवाग्राम. मार्चच्या आत उरकून घ्या, एप्रिलनंतर आपल्याकडच्या उन्हात लहान पोर आणि गुडघेवाली आजी घेऊन फिरणं म्हणजे शिक्षा आहे. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि ते कॅलेंडर बाबांना दिसेल तिथे टांगा. दारात पाय ठेवताना त्यांना पुढची ड्युटी माहीत असली पाहिजे, एवढंच मी म्हणते आहे.

पहिल्या दिवशी काही गोष्टी पाळा. कपडे धुवायचा ढीग त्याच रात्री काढू नका. नातेवाइकांना 'पोचलो' एवढाच मेसेज, प्रसाद-फोटो-शंखशिंपले रविवारी. बॅगा उतरवायच्या आधी बायकोचं ऐका, चोवीस दिवसांत काय काय झालं, गॅस संपला होता का, पोरीला ताप आला होता का जो तिनं तुम्हाला सांगितला नाही. तुमच्या गोष्टी संपणार नाहीत एवढ्या आहेत, त्या टिकतील. जेवणात पहिला पदार्थ आई म्हणेल तो.

निघायचं मात्र सकाळी, आज रात्री फोन झाल्यावर जोशात निघू नका. शेवटच्या टप्प्यात माणूस ढिला पडतो, घर आलंच म्हणून पाय जड होतो आणि डोळे हलके, बाबांना विचारा, त्यांनी असे अपघात पाहिले असतील. रात्रीच लॉजचं बिल देऊन ठेवा आणि स्टेअरिंग बाबांना द्या. शाळा साडेबाराला सुटते असं तुम्ही लिहिलं आहे ना, मग सातला निघा. आता पळस फुलायला लागला असेल, वडकीच्या पुढे वर्धा नदीच्या पुलाआधी एखाद्या ठिकाणी गाडी बाजूला घेऊन आईला चार फुलं तोडू द्या, रंगपंचमीला वाळवून ठेवेल ती. हिंगणघाटला नाश्ता, तर्री-पोहे मिळाले तर उत्तम, महिनाभर इडली खाऊन तुमचीही जीभ सरळ होईल. जामवरून पुढे घाई नाही. बुटीबोरीला ट्रकांची गर्दी लागेल, अर्धा तास जास्तीचा धरा. मग जामठा, वर्धा रोड सोडून बेलतरोडी, बेसा, मानेवाडा. पण घराच्या गल्लीत वळू नका, आधी शाळेकडे जा. बायकोला फोनवर सांगून ठेवा की आज व्हॅनला नाही म्हण, आणि तूही गेटवर ये.

शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी गाडी सावलीत लागलेली पाहिजे, असं बाबांना सांगा. ते वीस मिनिटं आधी लावतील.